तुमचे प्रश्न: पक्षी फुगून बसलाय, डॉक्टर परवा भेटणार, तोवर काय करू?

या महिन्यात पक्ष्यांच्या आजारपणाचीच पत्रं जास्त आलीत, पाऊस संपून थंडी सुरू होताना दरवर्षी असंच होतं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं पक्षी पाळतेय आणि माझे पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांना दर अंकाआधी फोन करून पिडते, एवढंच. औषधाचं नाव आणि डोस मी कुणालाही सांगत नाही, त्यामुळे ते विचारू नका.

प्रश्न: काकू, आमचा कॉकटेल (दुकानदार असंच म्हणाला, बहुतेक कॉकाटील, तो तुरेवाला छोटा पोपट) सात वर्षांचा आहे, नाव गोट्या. परवापासून अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, शिट्टी बंद, डोळे अर्धे मिटलेले. इथले डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात, ते सरळ म्हणाले पक्ष्यातलं मला फारसं कळत नाही. कोल्हापूरला एक जण पक्षी बघतात पण परवाची वेळ मिळालीय. सासूबाई म्हणतात ब्रँडीचा थेंब दे, मुलगा म्हणतो ड्रॉपरने ग्लुकोज पाज. मी रात्रभर त्याच्याशेजारी बसून आहे. काय करू? — सांगलीहून एक ताई

उत्तर: ताई, ब्रँडी नाही. दारूने ऊब येते हा माणसांचाही गैरसमजच आहे, उलट अंगातली उष्णता निघून जाते, आणि ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या जिवाला एक थेंबही जास्तच. आणि तुमचे डॉक्टर कळत नाही म्हणाले हे बरंच झालं, न कळता इंजेक्शन देणारेही भेटतात.

आत्ता सगळ्यात आधी त्याला गरम करा. पक्ष्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, चाळीस ते बेचाळीस डिग्री सेल्सिअस, आणि अंग एवढंसं, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. तो फुगतो ते पिसांत हवा धरून गोधडी करण्यासाठी. खाणं बंद आणि वर ही गोधडी सांभाळायची, म्हणजे उरलीसुरली ताकद त्यातच संपते. तुम्ही बाहेरून ऊब दिलीत की ती ताकद वाचते. आजार बरा होत नाही याने, पण परवापर्यंतचा वेळ मिळतो, आणि घरच्या काळजीने आपल्याला तेवढंच करायचंय.

लहान पिंजरा घ्या, नसेल तर पुठ्ठ्याचा खोका, भोकं पाडलेला. दांड्या काढून टाका किंवा एकच अगदी खाली ठेवा, पडला तर लागायला नको. तळाला जुना टॉवेल आणि वरून पांढरा टिश्यू किंवा कोरा कागद, कारण शीट बघायचीय. तीन बाजूंनी चादर. चौथ्या बाजूला, बाहेरून, वीतभर अंतरावर जुना पिवळा साठ वॉटचा बल्ब. एलईडी चालणार नाही हं, तो तापतच नाही, मागच्या वर्षी एका वाचकाने रात्रभर एलईडी लावून ठेवला होता. कापड बल्बला टेकू देऊ नका. हीट लॅम्प आणायचाच असेल तर त्याला टेफ्लॉनचं (नॉनस्टिक तव्यावर असतं तसलं) कोटिंग नाही ना हे विचारून घ्या. पक्षी बसलाय त्या उंचीवर भिंतीवरचा साधा थर्मामीटर ठेवा आणि अठ्ठावीस ते बत्तीस डिग्री राहतंय ना ते बघा. ऊब एकाच बाजूने असू दे म्हणजे त्याला नको वाटलं तर सरकता येईल. पंख अंगापासून लांब धरून चोच उघडून धापा टाकायला लागला तर जास्त झालं, बल्ब मागे घ्या. पिसं बसली, अंग परत बारीक दिसायला लागलं, की समजायचं जमलं. लाइट गेली तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अर्ध्या खोक्याखाली, पूर्ण खोक्याखाली नाही. आणि रात्री अगदी मिट्ट काळोख करू नका, मंद उजेड राहिला तर रात्रीही उठून दोन दाणे टिपतो.

ग्लुकोजच्या ड्रॉपरबद्दल. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या अगदी मुळाशी उघडते, आपल्यासारखी घशात खोल नसते. अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या तोंडात कुणी प्रेमाने पाणी ओतलं की ते सरळ फुफ्फुसात. आजारापेक्षा या पाजण्याने गेलेले पक्षी मी जास्त बघितलेत. द्यायचंच झालं तर कोमट पाण्याचा एकच थेंब चोचीच्या कडेला बाहेरून टेकवा, त्याला जिभेने ओढून घेऊ दे, नाही घेतला तर राहू दे.

खायला जे त्याला आवडतं ते, आहार सुधारायची ही वेळ नाही. एरवी मी सूर्यफुलाच्या बियांवरून तुम्हा सगळ्यांना ओरडत असते, आज खाऊ दे खुशाल. राळ्याचं कणीस त्याच्या चोचीसमोर आडवं ठेवा, मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून, उकडलेला मका. वाट्या तळाशी, त्याला मान वळवली की पोचेल अशा. आणि मऊ खाणं तीन-चार तासांनी बदला, बल्बच्या उबेत ते लगेच आंबतं.

आता वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर छोटा डबा ठेवून शून्य करा, गोट्याला त्यात ठेवा. रोज सकाळी, खाण्याआधी, शी झाल्यावर, कागदावर लिहा. पिसांमुळे डोळ्याला काही कळत नाही, फुगलेला पक्षी उलट गुबगुबीत दिसतो. माझी बजी (दुकानात लव्हबर्ड म्हणून विकतात तो छोटा पोपट) गेली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, महिन्यापूर्वी वजन किती होतं, आणि मी गप्प. हातात धरली तर छातीचं मधलं हाड सुरीसारखं लागत होतं, म्हणजे ती कित्येक दिवस झडत होती आणि मी रोज तिला गुड मॉर्निंग म्हणत होते. तेव्हापासून फ्रिजच्या दारावर कागद असतो. नव्वद ग्रॅमच्या पक्ष्याचे नऊ ग्रॅम गेले तर आपल्या साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेल्यासारखं आहे, तेही चार दिवसांत.

शीट बघा म्हटलं ते एवढ्यासाठी की तिचे तीन भाग असतात, हिरवी-तपकिरी विष्ठा, पांढरा चुन्यासारखा भाग आणि पाणी. खाणं थांबलं की विष्ठा थोडीशीच आणि गडद हिरवी होते. दाणे न पचता तसेच पडत असतील, पांढऱ्या भागाचा रंग पिवळा किंवा पोपटी झाला असेल, किंवा रक्त दिसलं, तर फोटो काढून डॉक्टरांना आजच पाठवा, परवाची वाट नको. तसंच शेपूट प्रत्येक श्वासाला वरखाली होतेय, चोच उघडून श्वास घेतोय, तोल जाऊन पडतोय, दिवसभरात एकही दाणा पोटात गेला नाही, यातलं काहीही दिसलं तर वेळ नसली तरी गाडीत घाला आणि दवाखान्याच्या दारात जाऊन बसा. जाताना तोच खोका, वरून चादर, पाण्याची वाटी काढून काकडीची फोड, एसी त्याच्या अंगावर नको.

आणि घरात तोपर्यंत अगरबत्ती, धूप, कापूर, मच्छर कॉइल, रूम फ्रेशनर सगळं बंद. मिरचीची फोडणी देताना खोक्याच्या खोलीचं दार लावा. नॉनस्टिक तवा तर रिकामा तापत ठेवूच नका, त्याच्या धुराने चांगला धडधाकट पक्षीही काही मिनिटांत मरतो. सासूबाईंना सांगा देवापुढे आठवडाभर नुसती तेलाची समई, तीसुद्धा दुसऱ्या खोलीत, देव रागावणार नाही.

तुम्ही मात्र रात्रभर शेजारी बसू नका. सतत कुणी टक लावून बघतंय म्हटल्यावर तो जागा राहतो, बरं असल्याचं नाटक करतो. पक्षी आजार लपवतात ते याचसाठी, रानात आजारी दिसला की आधी तोच उचलला जातो. दोन तासांनी एकदा डोकवा आणि झोपा.

प्रश्न: ताई, आमच्या लव्हबर्डला (निळा, छोटा) डॉक्टरांनी दहा दिवस अँटिबायोटिक दिलंय, दिवसातून दोनदा. तो चावतो, मी घाबरतो, अर्धं औषध माझ्या शर्टावर जातं. पेट शॉपवाला म्हणतो त्यापेक्षा पिवळी पावडर पाण्यात टाका, आपोआप पितो. — नाशिकहून एक वाचक

उत्तर: दादा, तो बहुतेक लव्हबर्ड नाही, बजी. आपल्याकडे सगळीकडे बजीलाच लव्हबर्ड म्हणतात, खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा आणि बजी ऑस्ट्रेलियाची. एरवी मी हे सोडून दिलं असतं पण डॉक्टर वजनावर औषध मोजतात आणि फोनवर नुसतं लव्हबर्ड सांगितलंत तर घोळ होऊ शकतो, बजी तीस-चाळीस ग्रॅमची, लव्हबर्ड त्याहून जड.

पाण्यात पावडर नको. एक तर तुमच्या पक्ष्याला काय झालंय हे त्या पावडरला माहीत नाही. दुसरं, बजी दिवसभरात जेमतेम चमचाभर पाणी पिते, आजारी असली तर त्याहून कमी, आणि पाणी कडू लागलं तर तेही सोडते. म्हणजे औषध तर पोटात जात नाहीच, वर तहानलेली.

धरायचं असं: खोलीचा पंखा बंद, खिडक्या बंद, दिवा थोडा मंद. हातरुमाल टाकून मागून धरा, अंगठा आणि मधलं बोट गालांच्या दोन बाजूंना, तर्जनी डोक्यावर. छाती अजिबात दाबायची नाही, कारण पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू) नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास जातो, मुठीत आवळला की गुदमरतो आणि धरणाऱ्याला वाटतं शांत झाला. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज त्याच्या डाव्या बाजूने चोचीच्या कडेत, रोख उजवीकडे. थेंब, थांबा, गिळू दे, मग पुढचा थेंब. सरळ समोरून घशात मारायचं नाही. नाकातून बुडबुडे आले किंवा खोकल्यासारखं केलं तर लगेच सोडा आणि डॉक्टरांना कळवा. अर्धं सांडलं तर अंदाजाने परत देऊ नका, किती गेलं ते आपल्याला माहीत नसतं.

पहिले दोन दिवस दोघांनाही घाम फुटतो. तिसऱ्या दिवशी माझा एक पक्षी रुमाल बघूनच चोच उघडायचा, सगळे असे शहाणे नसतात म्हणा. चौथ्या दिवशी तो बरा दिसेल, ओरडायला लागेल, तरी दहा दिवस म्हणजे दहा दिवस.

प्रश्न: माझी कॉकाटील मादी सकाळपासून शेपूट खाली दाबून जोर करतेय, पोट फुगलंय, पाय पसरून बसलीय. अंडं अडकलंय का? तेल लावून दाबून काढू का? — ठाण्याची एक वाचक

उत्तर: या ताईंना पत्र वाचलं तेव्हाच फोन केला होता, मासिक हातात पडेपर्यंत थांबण्यासारखा हा आजारच नाही. बाकीच्यांसाठी लिहिते. अंडं दाबून काढायचं नाही, आत फुटलं तर कवचाने चिरतं, आणि आतला भाग बाहेर आला तर मग हातातलं राहत नाही. गरम ठेवा, मघाशी सांगितलं तसंच, पण सोबत हवा ओलसर हवी, म्हणजे न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ धरा आणि खोका तिथे ठेवा. तेवढी तयारी करता करता डॉक्टरांना फोन. अशी मादी काही तासांत जाऊ शकते, एक दिवस तर फारच झाला. दवाखान्यात कॅल्शियम देतात, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटते. मुंबईच्या आसपास असाल तर परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि तिथेच जनावरांचं जुनं बाई साकरबाई रुग्णालय, रस्ता पक्षीवाल्यांना पाठ आहे. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं कॉलेज, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर, विदर्भात नागपूर. आधी फोन करून पक्षी बघणारं कुणी त्या दिवशी आहे का ते विचारा, मगच निघा.

सुटल्यावर महिनाभर तिला अंडी घालायचा मूड येऊ द्यायचा नाही. घरटं, मडकं, अंधारे कोपरे काढा, संध्याकाळी लवकर झाकून टाका, पाठीवरून हात फिरवणं बंद. नुसत्या राळे-बाजरीवर असेल तर समुद्रफेणी (पिंजऱ्यात टांगतात ते कॅल्शियमचं पांढरं हाड) आणि शेवग्याचा पाला सुरू करा.

प्रश्न: घरी पाच वर्षांपासून पोपट आहे, आपला साधा हिरवा, गळ्याला पट्टीवाला. आठ दिवस पंख गळतायत आणि खात नाही. डॉक्टरकडे नेला तर केस होईल असं कुणी म्हणालं, म्हणून घरीच हळद लावतोय. — रत्नागिरी जिल्ह्यातून

उत्तर: काका, खरं बोलते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट पाळायला बंदी आहे, पाच वर्षं झाली की पंचवीस याने फरक पडत नाही. पण हळद लावत लपवून ठेवणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय. डॉक्टरांचं काम उपचाराचं आहे, आधी दाखवा, मग वनविभागाला कळवा, १९२६ हा त्यांचाच नंबर आहे. स्वतःहून आणून देणारा माणूस आणि पकडलेला माणूस यात समोरचा माणूसही फरक करतो. आणि हळद पुसून टाका, पक्षी पिसं चोचीने साफ करतो, जे अंगाला लावाल ते पोटात जातं.

प्रश्न: घरात आठ महिन्यांचं बाळ आहे आणि आजारी बजीही. माणसाला काही होतं का? — पिंपरी

उत्तर: एक आजार आहे तसा, सिटॅकोसिस, पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होतो, ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. वाळलेल्या शिटेची धूळ नाकात गेली की लागण. तेव्हा पिंजरा कोरडा झाडायचा नाही, आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, कागद गुंडाळून पिशवीत. पिंजरा बाळाच्या खोलीत नको, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये वाट्या धुऊ नका. घरात कुणाला असा खोकला-ताप आला तर डॉक्टरांना घरी आजारी पक्षी आहे हे आपण होऊन सांगा, ते विचारत नाहीत. पक्ष्याला हा आजार निघाला तर उपचार लांबलचक, पंचेचाळीस दिवस, पण होतो बरा.

प्रश्न: आमचा बजी नऊ वर्षांचा. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं पोटात गाठ आहे, काही करता येणार नाही, आहे तोवर सांभाळा. एक पाय लुळा पडलाय. शेजारी म्हणतात शेवटी तरी मोकळं आकाश बघू द्या, गच्चीवरून सोडून द्या. आई रडते. त्याची जोडीदारीण त्याला सोडून हलत नाही, तिला वेगळं करायचं का? — पुणे

उत्तर: सोडू नका. तो पिंजऱ्यातच जन्मलेला आहे, त्याला ते आकाश ओळखीचं नाही, गच्चीच्या कठड्यावर बसेल आणि पहिला कावळा येईल. शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे पण बघायला ते थांबणार नाहीत.

लुळ्या पायाला दांडी धरता येत नाही, म्हणून सपाट फळी करा. माझ्याकडे एका म्हाताऱ्यासाठी मी चप्पलच्या खोक्याचं झाकण आडवं बांधलं होतं, वर सुती फडकं, तिथून त्याला आरसा आणि वाटी दोन्ही दिसायचं, तो तिथे दोन महिने राहिला. शेपटीखाली शी चिकटते ती कोमट पाण्याच्या कापसाने रोज हळूच पुसा, ओढू नका. दुखणं कमी करायचं औषध पक्ष्यांसाठीही असतं, डॉक्टरांनी स्वतःहून दिलं नसेल तर मागा. माणसाची क्रोसिन वगैरे नाही.

जोडीदारीण राहू दे, आजार संसर्गाचा नाही. ती त्याला टोचायला लागली किंवा त्याचं खाणं पळवायला लागली तरच मध्ये जाळी घाला, दिसत राहतील एकमेकांना.

किती दिवस थांबायचं हे मलाही दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. मी कागदावर तीन गोष्टी लिहिते: आज स्वतःहून खाल्लं का, आज पिसं साफ केली का, आज मला बघून काही आवाज केला का. तिन्हीला नाही, असे दिवस लागोपाठ यायला लागले की मी डॉक्टरांना फोन करते. झोपेचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर आधी गॅसने भूल देता का हे विचारा, म्हणजे सुई टोचलेली कळत नाही. आईला तिथे थांबायचं असेल तर थांबू द्या, नसेल तर बळजबरी नको.

तो गेल्यावर जोडीदारणीला पाच-दहा मिनिटं त्याच्याजवळ राहू दे, मग त्याला काढा, नाहीतर ती दिवसभर शोधत हाका मारते, मारेलच थोड्या, दोन-चार दिवस. त्या दिवसांत तिचंही वजन रोज करा, एकटी उरलेली खाणं सोडते ते दिसत नाही. तिचा पिंजरा ज्या खोलीत तुम्ही सगळे असता तिथे हलवा, संध्याकाळी टीव्ही चालू असतो तिथेच. दुसरा पक्षी लगेच आणू नका, आणि आणलात तर महिनाभर वेगळ्या खोलीत. तोवर तिला आईच्या खांद्यावर बसायची सवय लागली तर ते आईलाही बरं पडेल.